पंचांच्या आधी

कतारच्या राष्ट्रीय संघाचा सलामीचा फलंदाज अशी ओळख करून दिली, की माणसे माझ्याकडे पुन्हा एकदा निरखून पाहत. मी किडकिडीत, हळू बोलणारा. आठवड्याचे बहुतेक दिवस हमद पोर्टवर कंटेनरांची कागदपत्रे जुळवणारा. संघातले इतरही असेच नोकरदार होते. माझा सलामीचा जोडीदार, वसईचा अलेक्स, एका रुग्णालयात एक्स-रे काढतो. खेळपट्टीच्या मध्यावर आम्ही मराठीत बोलत असू, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना काही कळत नसे. खरे म्हणजे अलेक्स बोलत असे आणि मी ऐकत असे.

रत्नागिरीहून आलो तेव्हा मी बिरकत अल अवामेरच्या कामगार वस्तीत राहत होतो. तिथल्या वाळूतच मला फलंदाजी उमगली. शुक्रवारी पहाटेची, फजरची नमाज झाली की सिमेंटच्या पट्टीवर चटई अंथरायची आणि दुपारच्या जुम्म्याच्या नमाजीआधी सामना संपवायचा. पंच फलंदाजी करणाऱ्या संघातलाच असे. ज्याची पाळी यायची असेल तो पॅड बांधूनच उभा राही. बोट वर करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कामाच्या बसमध्ये त्याच फलंदाजाच्या शेजारी बसायचे असे. म्हणून एक रीत पडून गेली होती. चेंडू बॅटला लागून झेल गेला, तर फलंदाजाने कुणाकडेही न पाहता चालू लागायचे. आमच्या गावचे जहूरभाई म्हणत, "लागला ना बॅटला? मग चल. दुसऱ्यावर बोट उचलायची पाळी आणू नको."

गेल्या डिसेंबरात एका पाहुण्या संघाशी आमचा सामना होता आणि त्यानंतर पात्रता स्पर्धेच्या दौऱ्यासाठी निवड व्हायची होती. आधीच्या काही डावांत माझी बॅट मुकी राहिली होती. सकाळी प्रशिक्षक म्हणाले, "अर्धशतक कर, तबिश. मग समितीपुढे तुझ्यासाठी मला बोलता येईल." हा दौरा हुकला तर पुढचा नसेल, हे ते बोलले नाहीत. माझ्या जागेसाठी विशीतला अमान पॅड बांधून वाट पाहत होता.

त्या दिवशी मात्र चेंडू मला मोठा दिसत होता. हिवाळ्याचे मऊ ऊन, अंगाला न टोचणारा वारा. धावा मागितल्यावाचून येत होत्या. चाळिशीच्या पुढे गेलो, आणि पायांकडे आलेला एक चेंडू बॅटला निसटता स्पर्श करून यष्टीरक्षकाच्या हातात गेला. स्पर्श इतका हलका होता, की तो फक्त माझ्या मनगटाला कळला. अपील झाले. मी ग्लोव्ह काढत चालू लागलो होतो.

मागून अलेक्स धावत आला. "ए, कुठे चाललास? पंचांनी नाही म्हटलंय! मागे फिर!"

"लागला रे."

"लागला तर लागला! त्यांना ऐकू आलं नाही, तू कशाला ओरडून सांगतोस?"

"मी कुठे ओरडलो?"

"असा चालत सुटलास, ते ओरडणंच झालं, येड्या!"

मी थांबलो. वळून पाहिले. पंच खरोखरच मान हलवून नकार देत होते आणि आता गोंधळून माझ्याकडे पाहत होते. मागे फिरणे शक्य होते. चार पावले, थोडेसे हसू, आणि डाव पुढे सुरू. दौरा त्या चार पावलांच्या पलीकडे होता. पण चेंडूचा तो स्पर्श मनगटात अजून होता, आणि तो घेऊन पुन्हा क्रीजवर उभे राहणे मला जमले नसते. सवयीने मला निम्म्या वाटेपर्यंत आणले होते. उरलेली वाट मी स्वतः चाललो.

अलेक्सने सामना जिंकून दिला. प्रशिक्षक इतकेच म्हणाले, "पंचांचं काम पंचांना करू द्यायचं असतं." त्यात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागले. चार दिवसांनी संघ जाहीर झाला. अलेक्स होता, अमान होता. मी नव्हतो.

हजराने, माझ्या बायकोने, अल मन्सूरातल्या हॉटेलातून बिर्याणी मागवली.

"वाईट वाटतंय?"

"वाटतंय."

"मग जेवून घ्या आणि मग वाटू द्या. उपाशीपोटी जास्त वाटतं."

वाटले खरे, पण वाटले होते तितके नाही. परक्या देशाच्या राष्ट्रगीताला आम्ही छातीवर हात ठेवून उभे राहत असू. ते गीत आता मैदानात उभे राहून ऐकायला मिळणार नाही, एवढेच मनाला सलत राहिले. बाकी आत सारे निवांत होते, वारा पडलेल्या खाडीसारखे.

संघ निघाला त्या दुपारी अलेक्सला विमानतळावर मीच सोडले. उतरताना त्याने किटबॅग खांद्यावर घेतली आणि काचेतून आत वाकला.

"एक सांगून ठेवतो, तबिश. तिकडे बॅटला लागलं आणि पंच गप्प राहिले, तर मी काही चालणार नाय हां."

"नको चालूस," मी म्हणालो. "धावा कर."

"राग नाही ना येणार?"

"यल्ला, जा आता. मागची गाडी हॉर्न वाजवतेय."

तो हसत आत गेला. मी गाडी वळवली आणि कामावर निघालो.