अंगी लागलेलं

धामणगाव बढ्याला अन्नपूर्णाबाईंच्या अंगणात दुपार उतरली की सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसे. निंबाची सावली संथ हेलकावे घेई, कोंबड्या मातीत अंग सोडून देत. त्यांची लेक महामाया आली तेव्हा तिच्या पर्समध्ये घडी घातलेला कागद होता. बुलढाण्याच्या कॉलेजात ती जीवशास्त्र शिकवायची. एका अभ्यासासाठी तिनं मायचं रक्त तपासायला पाठवलं होतं, त्याचा हा निकाल.

"आला का वो कागद?" अन्नपूर्णाबाईंनी दारातच विचारलं. चार महिने त्या वाट पाहत होत्या.

वीस वर्षांपूर्वी गावात डोळ्यांची साथ आली होती. लाल डोळे, सर्दी, ताप. घरातले सगळे आठवड्यात उठले, माय मात्र पंधरा दिवस पडून राहिली. उठली, आणि मग वर्षभर फुगतच गेली. जेवण तेच, दीड भाकर. पण ती पाहिली कोणी? सगळ्यांची पानं उठल्यावर माय चुलीपाशी, दाराकडे पाठ करून एकटी जेवायची.

"वयनी, आमच्या अंगी काऊन नाई लागत वो?" दीर सहदेव हसायचा. "एकडाव तुमचं ताट तं दाखवा!"

"मी चोरून नाई खात," ती म्हणायची. पुढे तिनं तेही म्हणणं सोडलं.

चौदा वर्षांच्या महामायानं तेव्हा पाहुण्यांसाठी ठेवलेल्या शेवेच्या बरणीवर शाईची बारीक रेघ ओढली होती. शाळेतून आली की आधी ती रेघ बघायची. पंधरा दिवस शेव रेघेखाली उतरली नाही. तिला वाटलं, माय दुसरीकडून खात असेल. अजूनही तिला कधी स्वप्न पडे : माय ढगासारखी हलकी होऊन अंगणावरून तरंगत चालली आहे, आणि तिच्या पदरावर शाईची एक रेघ आहे.

तिनं कागद उलगडला.

"माय, डोळे येतात त्या जातीच्या एका विषाणूची तुले लागण होऊन गेली, एवढं सापडलं. कोंबड्या-उंदरांत असा विषाणू सोडला का ते लठ्ठ होतात. माणसाचं अजून पक्कं नाई. काही ठिकाणी लठ्ठ लोकांत त्याच्या खुणा जास्त सापडल्या, काही ठिकाणी नाई."

"लागण म्हंजे?"

"बाहेरून येऊन लागते ते."

अन्नपूर्णाबाईंनी तो शब्द तोंडात घोळवला. "म्हंजे मले जेवण नोतं लागलं. दुसरंच काई लागलं होतं." मग हळूच त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "मी चोरून नोती खात, असं लिवलं हाये का याच्यात?"

हो म्हणणं सोपं होतं. मायला वाचता येत नव्हतं.

"नाई माय. तसं लिवलं नाई. तुह्यं अंग त्यानंच वाढलं, हेबी कागद सांगू शकत नाई."

बोट कागदावरून मागे गेलं.

"पण मले तवाच दिसलं होतं," महामाया म्हणाली. "शेवेच्या बरणीवर मी रेघ ओढली होती. शेव तिच्याखाली गेलीच नाई. तरी मी तुह्यं खरं मानलं नाई."

अन्नपूर्णाबाईंनी कागदाची घडी घालून तो तिच्याकडे सरकवला.

"ठाऊक हाये मले ते," त्या म्हणाल्या. "बरणी पुसतानी त्या रेघेवरून फडकं नाई फिरवलं मी. म्हटलं, पाहू दे पोरीले. नीट पाहू दे."

माय उठली, आत जाऊन तिनं ताट वाढून घेतलं आणि सवयीनं चुलीपाशी दाराकडे पाठ करून बसली. महामायानं दुसरं ताट घेतलं, वळसा घालून गेली आणि चूल व माय यांच्यामधल्या वीतभर जागेत, मायच्या समोर बसली.

"अशी पाहू नोको वो. घास उतरत नाई."

"पाहून नाई राह्यली. जेवून राह्यली तुह्यासंग."

अन्नपूर्णाबाईंनी तिच्या रिकाम्या ताटाकडे पाहिलं. मग आपल्या दीड भाकरीतली अर्धी उचलून त्यात ठेवली.