सतराशे पंच्याण्णवचा डॉलर

वर्नाने शेवटचा डॉलर मखमलीच्या खणात बसवला आणि डबा परीक्षकांच्या बाजूला सरकवला. सतराशे पंच्याण्णव ते अठराशे तीन, वर्षाला एक असे चांदीचे नऊ डॉलर. कापडगिरणीत यंत्रं दुरुस्त करणाऱ्या ऑल्डन प्रुइटने, तिच्या नवऱ्याने, ते जमवायला चव्वेचाळीस वर्षं घातली होती. त्यापायी जुनी गाडी आणखी चार वर्षं रेटली गेली होती आणि समुद्रावरच्या कितीतरी सुट्ट्या बुडाल्या होत्या. नोव्हेंबरात अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्याचा उजवा हात थरथरायचा, शब्द तोंडात अडकायचे. म्हणून यंदा नाणी जमवणाऱ्यांच्या क्लबच्या प्रदर्शनाला ती सोबत आली होती. चर्चच्या तळघरात भरणाऱ्या या म्हाताऱ्यांच्या जत्रेत तिने आजवर कधी पाऊल टाकलं नव्हतं.

मुख्य परीक्षक क्रोवेल भिंग घेऊन आला. पहिल्याच डॉलरवर तो थांबला, हसला आणि त्याने भिंग मिटून खिशात टाकलं.

“काय सोडासाहेब, अजून हाच का?” ऑल्डनच्या पाठीवर थाप मारत तो म्हणाला.

शेजारच्या टेबलांवरचे तिघे-चौघे हसले. ऑल्डनही हसला, अगदी सवयीचं हसला. ‘सोडा’ ऐकून वर्ना मात्र त्या डॉलरकडे बघायला लागली.

तो डॉलर तिने घासला होता. एकोणीसशे एक्क्याण्णव साली, ऑल्डनच्या पन्नासाव्या वाढदिवसाला, खायचा सोडा लावून अगदी चकचकीत केला होता. दोनशे वर्षांत चांदीवर धरलेला काळपट निळा रंग हाच नाण्याचा जीव असतो, हे तिला बापडीला कोण सांगणार? ऑल्डन कामावरून आला, डॉलर पाहिला आणि मटकन जिन्याच्या पायरीवर बसला. उठताना म्हणाला, छान चमकतोय गं. मग त्याने केक खाल्ला. दुसऱ्या दिवसापासून तो डॉलर त्याच्या पँटच्या खिशात गेला. घासलेली चांदी खिशात वागवली की पुन्हा रंग धरते, अशी या लोकांची समजूत आहे. तीस वर्षं त्याने तो वागवला. रंग धरला थोडाफार, पण जाणत्याच्या नजरेतून घासलेलं नाणं सुटत नाही.

“सोडासाहेब म्हणजे?” वर्नाने विचारलं.

क्रोवेलला सांगायची हौसच होती. क्लबची एक काळी वही आहे. जो नाणं घासेल त्याचं नाव तिच्यात चढतं, आणि एकदा नाव चढलं की त्याने परीक्षकाच्या खुर्चीत जन्मात बसायचं नाही. ऑल्डन तर तेव्हा मुख्य परीक्षक होता. भर बैठकीत त्याचा डॉलर घासलेला निघाला, तसा तो उठून उभा राहिला, मीच घासला म्हणाला, आणि वहीत नाव चढवून घेऊन खुर्चीवरून उतरला. आमच्या पचनी पडेना, क्रोवेल म्हणाला, पण माणसाने स्वतःच कबुली दिल्यावर करता काय?

वर्नाने ऑल्डनकडे पाहिलं. तो कॉफीच्या भांड्याकडे बघत होता. परीक्षकपणाचा कंटाळा आला, असं त्याने तेव्हा घरी सांगितलं होतं आणि तिने ते खरं मानलं होतं. म्हणजे इतकी वर्षं हा माणूस महिन्याच्या महिन्याला इथे येऊन चेष्टा करून घेत होता, आणि घरी येऊन तिला बैठकीतल्या गमती सांगत होता. तिला रडू आलं नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

“वही आणा,” ती म्हणाली.

“जाऊ द्या हो, मिसेस प्रुइट. जुनी गोष्ट झाली.”

“आणा म्हणते ना.”

कपाटातून वही आली.

“घासला मी. हा त्या दिवशी गिरणीत होता,” वर्ना म्हणाली. “याचं नाव खोडा आणि माझं घाला. आणि खाली हेही लिहा, की ज्यांना इतक्या वर्षांत शेजारी बसलेला माणूस ओळखता आला नाही, त्यांनी नाण्यांची पारख करू नये.”

क्रोवेलचा चेहरा लाल झाला. तेवढ्यात ऑल्डन टेबलाची कड धरून उठला. शब्द जुळवायला त्याला वेळ लागला, पण कोणी मध्ये बोललं नाही.

“खो... खोटं बोलतेय ती. मीच.”

“ऑल्डन, खाली बस.”

“नाही बसत.”

दोन माणसं एकाच नाण्यावर हक्क सांगायला लागली तर काय करायचं, हे क्लबच्या नियमांत होतं. एकाच गुन्ह्यावर सांगायला लागली तर काय, हे कुठेच नव्हतं. क्रोवेल काकुळतीला आला. अहो, निदान एकाने तरी माघार घ्या, म्हणाला. दोघंही त्याच्याकडे टक लावून बघत राहिली.

शेवटी त्याने चष्मा चढवला, एक्क्याण्णव सालचं पान काढलं आणि ‘ऑल्डन’ या शब्दावर एक सरळ रेघ मारली. पुढचं ‘प्रुइट’ तसंच राहू दिलं. मग तो वही मिटायला लागला.

“शाई वाळू द्या आधी,” वर्ना म्हणाली.