दुसरी पार्टी

कामोठ्यात घर घ्यायचं तर अंकुश एजंटला गाठा, असं लोक म्हणत. एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन भावांनासुद्धा त्याने एकाच मजल्यावर फ्लॅट घेऊन दिले होते. स्वतः मात्र लग्नापासून भाड्याच्या घरात राहत होता. धंद्यातल्या सगळ्या खाचाखोचा माहीत असण्याचा हा तोटा. कुठलंही घर बघितलं की हा भिंतीवर टिचक्या मारणार, बाथरूमच्या छताकडे बघून मान हलवणार आणि बायकोला म्हणणार, "कोमल, थांबू जरा. याहून चांगलं मिळेल." पुढे पुढे कोमलने विचारणंच सोडून दिलं.

हाच अंकुश आज नवीन पनवेलमधल्या एका स्वयंपाकघरात उभा होता आणि टिचकी मारायला विसरला होता. ओट्यासमोर चांगली ऐसपैस खिडकी होती आणि खिडकीत सगळा प्रबळगड. भाड्याच्या घरात कोमलच्या ओट्यासमोर काळपट टाइल्स होत्या. त्यांच्याकडे तोंड करून ती इतकी वर्षं पोळ्या लाटत आली होती. इथे ती कशी उभी राहील ते त्याला लख्ख दिसलं. हे घर त्याला हवंच होतं.

चावी भावेश नावाच्या इथल्या एजंटकडे होती. एजंटच दुसऱ्या एजंटकडे घर मागायला गेला हे कळलं असतं तर पनवेलभर हसं झालं असतं. म्हणून अंकुशने आपण पोस्टात आहोत असं ठोकून दिलं होतं.

"स्टेशन एकदम वॉकिंग डिस्टन्स," भावेश म्हणाला.

"हो का!" अंकुश म्हणाला. एरवी त्याने मनात तरी शिवी हासडली असती.

"आणि एअरपोर्टमुळे भाव कुठच्या कुठे जाणार, साहेब. माझी घाई नाही. फक्त दुसरी एक पार्टी आहे. सकाळी बघून गेली, आता टोकन घेऊन येतेय."

हे वाक्य अंकुशच्या रोजच्या वापरातलं. गिऱ्हाईक रेंगाळायला लागलं की तो हेच सांगायचा, आणि त्याच्या एकाही दुसऱ्या पार्टीने अजून जन्म घेतला नव्हता. तरी त्याने खिशातलं चेकबुक चाचपलं.

"पक्की आहे पार्टी?" त्याने विचारलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"एकदम. बाई आहेत. या खिडकीपाशी बराच वेळ उभ्या होत्या."

झालं! कोमलच्या ओट्यापाशी कुणी परकी बाई? घासाघीस गेली खड्ड्यात. अंकुशने सरळ चेकबुक काढलं. चेक अर्धा लिहून होतोय तोच दारातून आवाज आला, "भावेशभाई, टोकनचा चेक आणलाय."

दारात कोमल उभी होती.

नवराबायको एकमेकांकडे बघतच राहिली. दोन गिऱ्हाइकं समोरासमोर आलेली पाहून भावेशला मात्र उकळ्या फुटल्या. "ताई, हे पोस्टातले साहेब चेक लिहितायत. तुम्ही भावात थोडं वर सरकलात तर मालकांशी बोलून बघतो."

"पोस्टातले?" कोमलने ओठ चावून हसू दाबलं. "साहेब, एवढी काय निकड तुम्हाला?"

अंकुशला आधी रागच आला. मला न सांगता घर घ्यायला निघाली! पण सांगितलं असतं तर आपण काय म्हणालो असतो, तेही त्याला पाठ होतं. राग तिथेच विरघळला.

"बायकोसाठी घेतोय," तो म्हणाला.

"तिला दाखवलंत?"

"नाही. तिला आवडायचं आणि मी काहीतरी खोट काढायचो. फार वेळा केलंय मी तसं."

कोमलचे डोळे भरून आले. तिने पदराने ते भराभर टिपले आणि भावेशला म्हणाली, "मी नाही वर सरकत. यांनाच द्या घर."

भावेशचं तोंड एवढंसं झालं. पण अंकुशने अर्धा लिहिलेला चेक टराटरा फाडून खिशात कोंबला.

"भावेशभाई, आधी कोण आलं होतं?"

"ताई. सकाळीच."

"मग टोकन त्यांचं घ्या. अ‍ॅग्रीमेंटही त्यांच्याच नावाने करा."

कोमलने पर्समधून चेक काढला आणि दोन्ही हातांनी भावेशच्या पुढे धरला.

भावेशने तो घेतला, उलटसुलट करून बघितला. पण साहेबांचं असं काय बिनसलं ते त्याला कळेना. "मग साहेब, तुम्ही काय करणार?"

"मी?" अंकुश म्हणाला. "ताईंनी ठेवून घेतलं तर इथेच राहीन."