रोज पंधरा सेकंद

सत्यवानाने ते गाणं करायला घेतलं तेव्हा एकोणीसशे एकसष्ट साल होतं. पासष्टच्या मे महिन्यात त्याची चौथी सुट्टी संपत आली, तरी गाणं सव्वा मिनिटाच्या पुढे सरकलं नव्हतं.

गाणं म्हणायचं एवढंच. त्यात शब्द नव्हते, पेटी नव्हती, तबला नव्हता. सत्यवान मालवाहू बोटीवर वायरलेस ऑपरेटर होता. कानांना हेडफोन लावून बसला की दोन स्टेशनांच्या मधल्या जागेत त्याला शिट्या ऐकू येत, घरघर ऐकू येई, कुठूनसे वर चढत जाणारे आणि मग विरून जाणारे सूर ऐकू येत. कुणी वाजवलेले नाहीत, कुणी गायलेले नाहीत. त्यांचं तीन मिनिटांचं काहीतरी बांधायचं आणि कट्टा या आपल्या गावी घरच्यांना ऐकवायचं, हे त्याच्या डोक्यात बसलं. त्यासाठी त्याने परदेशातल्या बंदरातून सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर आणला. मोर्सच्या सरावाची एक लहान पेटी होती; तिचं बटण फिरवलं की विजेचा सूर जाड-बारीक होई. रेडिओतल्या शिट्या आणि पेटीतले सूर फितीवर घ्यायचे, फीत ब्लेडने कापायची आणि तुकडे चिकटपट्टीने जोडायचे, असं ते काम. सुतार महादूने त्यासाठी खाच पाडलेली सागवानी पट्टी करून दिली होती.

सत्यवानाची बायको जानकी बाजारात ब्लाउज, परकर शिवायची. तिच्याकडे लग्नाचे कपडे आले की ती आधी दिवस विचारायची आणि मग मापं घ्यायची. नवऱ्याचं हे काम तिला आवडत होतं. त्याची रीत मात्र तिला कळत नव्हती.

जायच्या चार दिवस आधी त्याने सुरुवातीचा तुकडा पुन्हा सोडवला.

"ह्या आवयक आवडलेला," जानकी सासूकडे बघत म्हणाली. "कित्याक काढलास?"

"सुरुवात जमणा नाय."

"चार सुट्ट्यो झाल्यो. तुमी सुरुवातच करतास."

"गडबडीन करूचा काम न्हय ह्या, जानकी."

पडवीत बसलेल्या काशीबाईंनी, सत्यवानाच्या आईने, विचारलं, "सत्या, तुझा गाणा झाला काय रे?"

"नाय गे आये, अजून नाय."

"काय म्हणतंस?"

त्याला ओरडून सांगावं लागलं. मागल्या सुट्टीत एवढं ओरडावं लागत नव्हतं. जानकीने नवऱ्याकडे पाहिलं, पण तो फीत गुंडाळत होता. पुढची सुट्टी पंधरा महिन्यांनी होती. तोपर्यंत सासूला किती ऐकू येईल, याचा हिशेब त्याने केलेला दिसत नव्हता. जानकीने त्या दिवशी केला.

जायच्या दिवशी एस.टी.च्या थांब्यावर तिने विषय काढला.

"तुमचा गाणा मी पुरा करतंय."

सत्यवान हसला. मग तिच्या तोंडाकडे पाहून हसायचा थांबला. "तुका कळतला कसा, पुढे काय येवचा ता?"

"तुमी सांगा. मी ध्यानात ठेवतंय."

गाडी यायला वेळ होता. तो सांगू लागला. आधी लांबचं ऐकू यायला हवं, समुद्राच्या पलीकडचं. मग ते जवळ यावं, एकदम डोक्यावरून जावं आणि मागे काही राहू नये. सांगताना त्याने जमिनीवर काटकीने रेघ काढली. ती चढत गेली आणि एकदम तुटली.

"किती दिवस लागतले तुका?" त्याने विचारलं.

"चौदा."

"चौदा दिवसांत काय होतला?"

"होतला तेवढा होतला. आवयचे कान माझ्यासाठी थांबाचे नाय."

गाडी आली तेव्हा त्याने खिशातून यंत्र आणि फिती ठेवलेल्या ट्रंकेची किल्ली काढून तिच्या हातात दिली आणि चढून बसला.

फीत सेकंदाला पावणेचार इंच धावते, हे त्याने कधीतरी सांगितलेलं तिला आठवत होतं. तीन मिनिटं म्हणजे सहाशे पंचाहत्तर इंच. शिवणाची टेप हाताशीच होती. सव्वा मिनिटाचं त्याचं काम तिने होतं तसं ठेवलं. सोडवलेली सुरुवात परत जागेवर लावली. उरलेली एकशे पाच सेकंदं. पाच दिवस आवाज जमवायला, सात दिवस कापायला आणि जोडायला, दोन दिवस ऐकायला. म्हणजे कापायच्या दिवसांत रोज पंधरा सेकंद. तिने ते भिंतीवर खडूने लिहिलं आणि गिऱ्हाइकांना सांगितलं की पंधरवडाभर नवं शिवण घेणार नाही.

पहिले पाच दिवस ती दुपारी रेडिओचं बटण केसाकेसाने सरकवत बसली. शेजारच्या हौसाबाई डोकावून गेल्या. "रेडिओ बिघडलो काय गो तुझो?"

"नाय. बरो आसा."

पाचव्या संध्याकाळी आणखी दोन दिवस मिळाले तर बरं होईल, असं तिला फार वाटलं. एक चढता सूर हवा होता तसा मिळालाच नव्हता. तिने ट्रंक बंद केली. सहाव्या दिवशी जे होतं त्यातूनच कापायला बसली. कापायच्या पहिल्या दिवशी चार सेकंदंच झाली, नि तीही वाकडी. तिरकस कापावं लागतं, सरळ कापलं तर जोडावर टक्क वाजतं, हे तिला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी तिने सव्वीस सेकंदं भरून काढली. जेवण सासूने केलं.

कापायच्या पाचव्या दिवशी फीत यंत्रात अडकली आणि सहा सेकंदांचा भाग चुरगळून गेला. तोच भाग, डोक्यावरून जाण्याआधीचा. जानकी बराच वेळ ती चुरगळलेली फीत हातात धरून बसली. डोळ्यांत पाणी आलं ते तिने पदराने पुसलं. पुन्हा करायचं तर तीन दिवस हवे होते. ते तिच्याकडे नव्हते. तिने चुरगळलेलं कापून टाकलं, दोन्ही टोकं जोडली आणि पुढची पंधरा सेकंदं घेतली.

चौदाव्या दिवशी गाणं दोन मिनिटं चोपन्न सेकंदांचं झालं होतं. मध्ये एका जोडावर अजून टक्क वाजत होतं. शिवाय शेवट तिला हवा होता त्याहून लवकर येत होता. ते तिला ऐकू येत होतं, आणि तिने ते तसंच राहू दिलं.

दुपारी चारला पडवीत तिने यंत्र सासूच्या कानाशी ठेवलं. हौसाबाईही आल्या होत्या. लांबून शिट्या आल्या, घरघर आली, मग एकेक सूर चढू लागला आणि वाढत वाढत एकदम नाहीसा झाला. नुसती फीत फिरत राहिली.

काशीबाईंनी कान यंत्रापासून दूर केला. मग म्हणाल्या, "ह्या आयकत तो थंय एकटोच बसता?"

"होय."

"वरसाची वरसा?"

"होय, आये."

"माका वाटलेला, बोटीर खूप माणसा असतत," काशीबाई म्हणाल्या. "परत लाव बघूया."

जानकीने परत लावलं. त्या महिन्यात ती फीत कितीदा तरी वाजली.

सत्यवान सहासष्टच्या ऑगस्टमध्ये घरी आला. आईशी आता हातवारे करून बोलावं लागत होतं. त्याने गाणं डोळे मिटून ऐकलं. टक्क वाजलं तिथे त्याच्या कपाळाला आठी पडली. संपल्यावर तो म्हणाला, "शेवट बरो झालो. माका असो सुचलो नसतो." आणि लगेच ब्लेडसाठी हात पुढे केला. "ह्यो एक जोड तेवढो..."

जानकीने फीत उचलून डब्यात घातली.

"ह्या झाला. आवयन आयकला, तसाच रवतला. तुमका नवा करूचा तर करा. पण दिवस आधी सांगा."

तो चिडला. उठून अंगणात गेला, दोन फेऱ्या मारल्या. त्याने चार सुट्ट्या घातलेलं काम होतं ते. ती जागची हलली नाही. शेवटी तो पायरीवर येऊन बसला.

"आये म्हणाली ता तू पत्रात लिवलंस, ता खरा काय? एकटोच बसता म्हणान?"

"खरा."

त्याने आईकडे पाहिलं. काशीबाई सुपात तांदूळ निवडत होत्या.

"नवा करतंय. वीस दिवस दी," तो म्हणाला.

"सुट्टी चाळीसाची आसा. वीस घेवा," जानकी म्हणाली, आणि खडू घेऊन भिंतीकडे गेली.