त्रुटी क्रमांक एक

ताटातला शिरा चाटूनपुसून संपवल्यावर शंभुलिंगनं आहाराच्या रकान्यात वीसपैकी एकोणीस गुण लिहिले. एक गुण राखून ठेवायचा, ही त्याची सव्वीस वर्षांच्या नोकरीतली खोड. पूर्ण गुण दिले की वरच्या साहेबांना वाटतं, हा पाहणीला गेला होता की पाहुणचाराला? खरं सांगायचं तर तो दोन्हीला जायचा. सकाळी धाराशिवहून एसटीनं लोहारा, तिथून जीपनं माकणीच्या रस्त्यावरच्या या वृद्धाश्रमात. आल्या आल्या चहा, अकराला पोहे आणि एक वाजता हे जेवण. अन्नाचा दर्जा खाल्ल्याशिवाय कसा तपासणार, असं तो प्रत्येक वृद्धाश्रमात म्हणायचा आणि प्रत्येक ठिकाणी लोक हसायचे. तपासायला आलेल्या साहेबापुढं न हसून करतात काय!

हा वृद्धाश्रम मात्र खरोखर चांगला होता. पाहणीपुरता रंग फासलेला नव्हता. एकतीस म्हातारी माणसं, धुतलेल्या चादरी, संडासात धरायला दांड्या, औषधांच्या डब्यांवर ज्याचं त्याचं नाव. व्यवस्थापक धनाजी चाळिशीचा, कामसू गडी. सरकारी कागद आला की आधी त्याला हात जोडेल आणि मग वाचेल, असला. मोनिका नावाची नर्स म्हाताऱ्यांची नखं स्वतः कापायची. शंभुलिंगनं सगळं फिरून बघितलं, फॉर्मवर खुणा केल्या, आणि बेरीज त्र्याण्णववर गेली.

"आणि साहेब, मागच्या वर्षीची त्रुटीसुद्धा दूर केली बरं का," धनाजीनं फाईल पुढं सरकवली. "तुमच्या यंदाच्या पाहणीचं पत्र आलं त्याच दिवशी. बारा दिवस झाले आज. अनुपालन अहवाल जोडलाय मागं."

कुठली त्रुटी, हे शंभुलिंगला आठवेना. त्यानं कागद उलटला. अक्षर त्याचंच होतं, चांगलं वळणदार. "त्रुटी क्रमांक एक : रहिवाशांच्या गळ्यातील दोरे, साखळ्या, ताईत इत्यादी झोपेत आवळले जाण्याचा धोका संभवतो. सदर वस्तू काढून कुलूपबंद ठेवाव्यात."

मग आठवलं. मागच्या वर्षी त्यानं त्रुटींच्या रकान्यात 'निरंक' लिहिलं होतं आणि साहेबांनी अहवाल परत पाठवला होता. एकही त्रुटी नाही म्हणजे पाहणी झालीच नाही, म्हणे. तेव्हा ऑफिसात पंख्याखाली बसून, सुपारी चघळत, शंभुलिंगनं ही त्रुटी शोधून काढली होती. इथं कुणाचा गळा कधी आवळला नव्हता. पण सरकारी कागदाला रिकामा रकाना बघवत नाही, तो कशानं तरी भरावा लागतो.

"शाबास," शंभुलिंग म्हणाला आणि त्यानं सुरक्षेचे दोन गुण वाढवले.

तेवढ्यात मोनिका दारात आली. "साहेब, एक विचारायचं होतं. लक्ष्मम्मा आजी जेवत नाहीत. दिवसाला एक कप दूध, बाकी काही नाही. पाच किलो वजन उतरलं. डॉक्टरांनी तपासलं, ते म्हणतात रोग कसलाच नाही. आज सकाळी उठताना चक्कर येऊन खाटेवर बसल्या."

"कधीपासून?"

"बारा दिवस झाले."

"हट्टी आहे हो म्हातारी," धनाजी म्हणाला. "तसं त्या खोलीतल्या सहाही जणींचं तोंड वाकडंच आहे. पण बाकीच्या पाच जणी अर्धं ताट तरी खातात."

बारा दिवस. शंभुलिंगनं अनुपालन अहवालावरची तारीख बघितली. "काय काय काढलंत गळ्यातलं? दाखवा बघू," तो म्हणाला.

धनाजीनं मोठ्या अभिमानानं कपाट उघडलं. साखळ्या, ताईत, तुळशीच्या माळा, सगळं नावाच्या चिठ्ठ्या लावून ठेवलेलं. गळ्यात घालायच्या दोऱ्यांसकट सहा चांदीच्या डब्याही होत्या, त्यांनाही चिठ्ठ्या. "चांदी म्हणजे मौल्यवान वस्तू, म्हणून डब्या वेगळ्या ठेवल्या," धनाजी म्हणाला. "आतले हे काळे खडे या बरणीत घातले. कुणाचा कुठला ते आता सांगता येणार नाही, पण सगळे सारखेच आहेत, साहेब."

फरसाणाची रिकामी बरणी होती. तिच्या तळाशी सुपारीएवढी काळीभोर सहा इष्टलिंगं एकमेकांवर पडलेली होती.

शंभुलिंगचा हात बरणीकडं गेला आणि मधेच थांबला. लिंगायताच्या घरात पोर जन्मलं की स्वामी येऊन त्याच्या गळ्यात इष्टलिंग बांधतो. ते मरेपर्यंत अंगावरून उतरायचं नाही. आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, पूजा करायची आणि मगच अन्नाला हात लावायचा. दुसऱ्याचं आपल्याला चालत नाही, आपलं दुसऱ्याला चालत नाही. हे त्याला पुस्तकात वाचायची गरज नव्हती. त्याचे वडील महालिंगप्पा तापानं फणफणले तरी पूजेशिवाय पेजेचा घोट घेत नसत. धनाजीच्या घरी कुलदैवत बिरोबा, त्याला हे कोण सांगणार? पण ज्यानं लिहिलं, त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"त्या काही बोलल्या नाहीत काढताना?" त्यानं विचारलं.

"बोलल्या की. रडल्यासुद्धा. मी म्हटलं, आजी, सरकारचा आदेश आहे, आपल्या हातात नाही."

शंभुलिंगला लाज वाटली, आणि ती धनाजीपुढं वाटली त्याहून जास्त स्वतःपुढं वाटली. त्याच्या स्वतःच्या गळ्यात काही नव्हतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी हॉस्टेलातली पोरं हसली म्हणून त्यानं ते काढलं होतं, चार दिवसांसाठी म्हणून. ते चार दिवस संपलेच नाहीत. आता घरच्या लोखंडी कपाटात ते कुठल्या डब्यात आहे, हेही त्याला ठाऊक नव्हतं. गळ्यात असतं तर ती ओळ लिहिताना एकदा तरी हाताला लागलं असतं.

त्यानं लोहाऱ्याच्या स्वामींना फोन लावला. बोलताना पहिल्यांदाच त्याच्या तोंडून ऑफिसची भाषा गळून पडली. स्वामी म्हणाले, मिसळलेली लिंगं परत बांधता येत नाहीत, सहाही जणींना नव्यानं दीक्षा द्यावी लागेल. आज गावात लग्न लावायचं आहे, उद्या सकाळी सातला येतो.

"उद्यापर्यंत आजींनी थांबू नये, साहेब," मोनिका म्हणाली. "आज दोन घास तरी पोटात गेलेच पाहिजेत. तुम्ही बोला ना त्यांच्याशी. तुमचं ऐकतील."

लक्ष्मम्मा खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. ऐंशीच्या पुढची, हाताच्या शिरा वर आलेल्या. शेजारच्या स्टुलावर दुधाचा कप, अजून भरलेला. शंभुलिंग खाटेच्या कडेला टेकला.

"अव्वा, उद्या सकाळी सामी येत्यात. नवं लिंग बांधत्यात. तुमी आज दोन घास खावा."

"तुमी कोण?"

"शंभुलिंग साहेब आहेत, धाराशिवचे," मोनिकानं सांगितलं.

म्हातारीचे डोळे एकदम उजळले. "शंभुलिंग? म्हंजी आपल्यातलाच व्हय रं? कुणाचा तू?"

"मुरूमच्या महालिंगप्पाचा."

"आत्ता गं बया! मग कशाला उद्याची वाट बघायची?" ती सावरून बसली. "तुजं लिंग काढ भाईर. म्या डोळ्यानं बघते, हात जोडते, अन् खाते दोन घास. एवढं शिवाला चालतंय. मोनिका, ताट आण गं माजं!"

मोनिका धावतच गेली आणि ताट घेऊन आली. तिच्या चेहऱ्यावर बारा दिवसांनी हसू आलं होतं. धनाजीही दारात येऊन उभा राहिला. सगळे शंभुलिंगच्या गळ्याकडं बघत होते. त्याचा हात शर्टाच्या वरच्या बटणावर गेला, आणि तिथंच राहिला. काय काढणार होता तो? आत बनियन होतं.

"माज्या गळ्यात न्हाय, अव्वा," तो म्हणाला.

मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू कळवळा आला. "तुजंबी सरकारनं काढून घेतलं का रं?"

शंभुलिंगची मान हलली. हो म्हणून. त्यानं हलवली नव्हती, पण हलली, आणि त्यानं ती थांबवली नाही.

"अरं माज्या लेकरा," लक्ष्मम्मा म्हणाली. "मग तूबी उपाशीच की." तिनं स्टुलावरचा कप दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्यापुढं धरला. "घे. अर्धं तू पी, अर्धं म्या पिते."

साय धरलेलं ते दूध त्याच्या नाकासमोर होतं. पोटात शिरा, दोन पोळ्या, वांग्याची भाजी, वरणभात. सव्वीस वर्षांत त्यानं शेकडो कागदांवर 'वस्तुस्थिती' हा शब्द लिहिला होता, पण ती तोंडानं सांगायची पाळी कधी आली नव्हती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं म्हणतात ते का, हे त्याला तेव्हा कळलं.

"न्हाय, अव्वा. म्या जेवलोय," तो म्हणाला. "अन् सरकारनं कायबी केलं न्हाय. समद्यांचे दोरे काढा म्हणून कागदावर म्याच लिवलं. कायतरी लिवायचं म्हणून लिवलं. माजं तर म्याच काढलं, पोरं हसत्यात म्हणून. तीस वर्सं झाली त्याला."

दारातला धनाजी खाली बघू लागला. लक्ष्मम्मानं कप तसाच धरून ठेवला होता.

"जेवलास?" तिनं विचारलं.

"व्हय."

"शिरा व्हता न्हवं आज?"

"व्हय."

"केळं घातलं व्हतं त्यात. वास आलता मला."

तिनं कप परत स्टुलावर ठेवला. शिवी दिली असती तर शंभुलिंगनं ती प्रसादासारखी घेतली असती. पण तिनं शिवी दिली नाही.

"उद्या सामी आला की तूबी आंगुळ करून बस माज्या शेजारी," ती म्हणाली. "बांधून घे. अन् तंवर तोंडात कायबी घालू नगं. पाणी पी, बाकी काय न्हाय. बघ कसं लागतं ते."

"बसतो," शंभुलिंग म्हणाला. "पण तुमी, अव्वा? तुमी तरी आज खावा."

"माजं काय," ती म्हणाली, "मला बारा दिसांची सवय हाय."

आणि ती भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. शंभुलिंग खाटेवरून उठून खाली फरशीवर बसला. मोनिकानं थोडा वेळ वाट बघितली आणि भरलेलं ताट तसंच परत नेलं.