शंभर नंबरचा फोन

"उचलू नका, चाचा," फोन कंपनीकडून आलेली मंजुषा म्हणाली.

पण कमरुद्दीनने शिलाई मशीनवरची पायजम्याची टीप अर्ध्यात तोडून फोन कानाला लावलाही होता. फोनच्या काचेवर तोच आकडा, १००. आत नेहमीसारखं कोणीच नाही.

"पोलिसांचा नंबर हाय, बेटी," तो मंजुषाला म्हणाला. "मले वाटते, सांगाची हिंमत होत नसंन त्यायची."

वाईटच बातमी असणार, असं तो धरून चालला होता. त्याचा मुलगा अजीम जंगलातल्या रस्त्याने एटापल्लीची बस चालवत होता.

"महिना झाला, असंच चालू हाय," त्याची बायको सुलताना चहा ठेवत म्हणाली. "मी म्हटलं वायर काढा. तर म्हणते, मंग अजीमचा फोन कुठी येईन?"

बसच्या मुक्कामाच्या गावात मोबाइलला रेंज नसे. अजीम तिथल्या किराणा दुकानातून याच फोनवर पोचल्याचं कळवायचा.

मंजुषा हसली नाही. "पोलीस कायले मुके राह्यतीन, चाचा? हा इंटरनेटवरचा फोन हाय. तिथं मशिनी फिरून राह्यल्या, घरोघरी दार ढकलून पाह्यतात. आपलं उघडं होतं, म्हणून वाजे. शंभर आकडाबी त्यायनंच टाकला."

"म्हंजे माणूस नाई?"

"माणूसच नाई."

तिने मोबाइलवर त्या फोनची सेटिंग उघडली आणि बदलली. आता तो फक्त कंपनीच्या एक्सचेंजमधून आलेलाच कॉल घेणार होता.

"अन् अजीमचा?"

"त्याचा तिथूनच येते." तिने स्वतःच्या मोबाइलवरून नंबर लावला. घंटा वाजताच कमरुद्दीन धडपडत उठला. "हॅलो?"

"चाचा," समोर बसलेली मंजुषा मोबाइलमध्ये म्हणाली, "चाचीनं चहात साखर टाकलीच नाई."

बऱ्याच दिवसांनी सुलताना हसली.

मंजुषा गेल्यावर दुपारभर फोन गप्प होता. कमरुद्दीनने शिवून ठेवलेल्या कपड्यांवरून हात फिरवला. महिनाभरातल्या प्रत्येक कपड्यात, शिवणीच्या मध्येच कुठेतरी, एक गाठ बोटाला लागत होती. टीप तोडून पुन्हा जोडल्याची.

दिवेलागणीला फोन वाजला. मशीन थांबवायला त्याचा हात चाकाकडे गेला आणि तिथूनच मागे आला. कणकेच्या हाताने सुलतानाने फोन घेतला.

"पोचला," ती म्हणाली. "बोलता काय?"

"थांब म्हणा त्याले," कमरुद्दीन मान वर न करता म्हणाला. "टीप पुरी करून येतो."

पायाखाली मशीन चालत राहिलं. कापड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेलं. मग त्याने दोरा तोडला.