कापराचा लेप

बाहत्तरच्या उन्हाळ्यात लाडकुंवरला बोदवडच्या किराणा दुकानामागल्या खोलीत ठेवलं आणि बाहेरून कडी लावली. तीन दिवस. भिंतीपलीकडे सात महिन्यांची कंचन रडायची, आणि इकडे हिची चोळी ओली व्हायची.

"अंगावर पाजत राहिलीस तर पुढचं कधी, बींदणी?" सासूबाई सायरबाई म्हणाल्या होत्या. त्यांना नातू हवा होता. नवरा भंवरलाल मान खाली घालून दुकानात गेला आणि तिथूनच कापराची पुडी पाठवून दिली.

"पूजेचा नव्हे, भीमसेनी. लांबच्या बेटांवर झाडाच्या पोटात सापडतो," सायरबाईंनी कौतुकानं सांगितलं.

लेप लावायला सुईण झुंबरबाई आली. छातीला कापूर लावला की दूध आटतं, वासानं पोर तोंड फिरवतं, हे तिचं नेहमीचं काम.

"भीमना कापूर शे, माय," ती म्हणाली. "गदा तेवढी राहिनी."

लाडकुंवरला हसू आलं आणि त्यातच रडू फुटलं. "अक्का, छातीला नका लावू. दुसरीकडे कुठेही लावा."

"सेठाणी दारमा उभी राहीसन वास लेस."

"मग वासच देऊ त्यांना."

झुंबरबाईनं तिला निरखून पाहिलं. मग लेप पदराला, मनगटांना, मानेला चोपडला. जाताना कुजबुजली, "पोरनी मालिश परसमा करस मी. तू खोलीमाईन सुटनी का ऊन पानी लई ये. तठेच पाज."

तीन दिवस लाडकुंवर दूध फडक्यात पिळत राहिली, आटू नये म्हणून. सायरबाई दारातून वास घेऊन समाधानानं जायच्या.

चौथ्या सकाळी त्यांनी कंचनला तिच्या मांडीवर ठेवलं. "बघू, धरते का. धरलं तर आणखी आठ दिवस याच खोलीत."

कंचन हसली. दोन्ही मुठींनी चोळी पकडून तोंड उघडून आत शिरू लागली. कापराचं तिला काहीच नव्हतं. त्याच्याखालची आई तिला बरोबर सापडली होती.

लाडकुंवरनं माखलेला पदर ओढला आणि तिच्या नाकाशी धरला.

पोर शिंकली. थबकून आईकडे पाहिलं. मग आजीकडे हात पसरले.

"दूध तुटलं!" सायरबाईंनी तिला उचललं. "उगाच रडत होतीस बघ, किती सोपं होतं."

लाडकुंवर भिंतीकडे वळली, दोन्ही हात छातीवर घट्ट दाबून. दूध थांबत नव्हतं, आणि सासूबाई अजून गेल्या नव्हत्या.